गगनयानाचा हिशेब, हातखंब्याच्या तिठ्यावर

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. भारतीय माणूस भारतीय यानातून अवकाशात जाईल, ही घोषणा १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून झाली आणि तिला मुदत होती २०२२ ची. दोन्ही कामांच्या मुदती उलटून गेल्या. कोकणातला माणूस या दोन्ही बातम्या एकाच वर्तमानपत्रात वाचतो, आणि हातखंब्याच्या तिठ्यावर एसटीची वाट बघताना त्याच्या तोंडून सरळ प्रश्न निघतो: इथला रस्ता धड होत नाही, मग माणूस आकाशात धाडण्याचा खटाटोप कशासाठी?

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. विचारणाऱ्याला तो विचारण्याचा पुरेपूर हक्क आहे. हातखंब्याला रत्नागिरी शहराचा फाटा फुटतो. मुंबईहून आलेली, गोव्याकडे निघालेली आणि रत्नागिरीतून पाली, साखरपा, आंबा घाटमार्गे कोल्हापूरला जाणारी वाहनं इथे एकमेकांत मिसळतात. जयगडकडून येणारे गॅसचे टँकर, चिऱ्यांनी भरलेले ट्रक, मासळीच्या गाड्या, आंब्याच्या हंगामातले टेम्पो आणि गणपती-शिमग्याला गावी निघालेले चाकरमानी, सगळ्यांचा हाच रस्ता. उतारावर टँकर उलटला की महामार्ग तासन्‌तास बंद होतो आणि आसपासच्या घरांतली माणसं गॅसच्या धास्तीने जीव मुठीत धरून बसतात. पावसाळ्यात एका बाजूला खोदकाम, दुसऱ्या बाजूला चिखल आणि मधल्या अरुंद पट्टीवरून दोन्हीकडची अवजड वाहतूक. असा रस्ता रोज तुडवणाऱ्याने अवकाशयानाचा खर्च विचारला, तर त्याला विज्ञानविरोधी म्हणून गप्प बसवणं हा अन्याय आहे. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी पैशाचं पाहू. गगनयानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१८ मध्ये ९,०२३ कोटी रुपये मंजूर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये कार्यक्रमाची व्याप्ती वाढली, भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग त्यात आला आणि एकूण आकडा २०,१९३ कोटींवर गेला. ही सगळी रक्कम मिळून आठ उड्डाणांसाठी आहे आणि तिचा खर्च अनेक वर्षांत विभागलेला आहे. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. केंद्राच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाची २०२५-२६ या एका वर्षाची तरतूद सुमारे २ लाख ८७ हजार कोटींची होती, म्हणजे संपूर्ण गगनयानाच्या चौदा पट. त्याच वर्षी अवकाश विभागाला मिळाले १३,४१६ कोटी. केंद्राच्या शंभर रुपयांच्या खर्चात अवकाशाच्या वाट्याला आले सव्वीस पैसे, आणि त्यात गगनयान हा एक हिस्सा.

उद्या गगनयान गुंडाळलं तरी हातखंब्याचं काम एक दिवसही आधी पुरं होणार नाही. हा महामार्ग पैशाअभावी रखडलेला नाही. भूसंपादनाचा घोळ, मधेच काम सोडणारे ठेकेदार, नव्याने निघणाऱ्या निविदा, निकृष्ट काम आणि त्याबद्दल कुणालाच न विचारला जाणारा जाब, ही त्याची कारणं आहेत. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, तारखांवर तारखा दिल्या गेल्या, तरी हा रस्ता असाच राहिला. ‘गरीब देशाला अवकाश परवडत नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा आहे. त्याने रस्त्याचे खरे गुन्हेगार सुटतात आणि अवकाशाच्या खर्चाची खरी तपासणीही राहून जाते.

ती खरी तपासणी अवकाश विभागाच्या आतच करावी लागते. चांद्रयान-३ मोहिमेचा खर्च सुमारे ६१५ कोटी. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरलं, तिथे तोवर कुणी उतरलं नव्हतं. गगनयानाच्या रकमेत अशा बत्तीस मोहिमा बसतात. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी ‘अ‍ॅक्सिऑम-४’ मोहिमेतून निघाले आणि १५ जुलैला परतले. आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या या मुक्कामासाठी भारताने सुमारे साडेपाचशे कोटी मोजले. एका माणसाच्या काही दिवसांच्या मुक्कामाला आणि चंद्रावरच्या एका यशस्वी मोहिमेला जवळपास सारखाच खर्च आला. शुक्लांनी तिथे मूग आणि मेथीचे दाणे अंकुरवले, सूक्ष्म शैवालं वाढवली, स्नायूंच्या पेशींवर प्रयोग केले. हे प्रयोग टाकाऊ नाहीत. पण त्यांतल्या बहुतेकांचा उद्देश एकच, माणूस अवकाशात जगेल कसा, खाईल काय, हे शोधणं. माणूस अवकाशात धाडायचा, तो तिथे राहू शकतो का हे पाहण्यासाठी, आणि ते पाहायचं पुन्हा माणूस धाडता यावा म्हणून! या वर्तुळातून बाहेर पडणारं उत्तर मानवी अवकाशयानाच्या समर्थकांना द्यावंच लागेल.

कोकणाकडे या प्रश्नाचा एक जुना धागा आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले होते. त्यांची उपकरणं मांडण्यासाठी बांधलेले चौथरे किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून आजही दाखवतात. काही मिनिटांच्या ग्रहणासाठी माणसांना सातासमुद्रापार यावं लागलं, कारण तेव्हा उपकरणाला माणसाचा हात आणि डोळा लागत असे. आज तोच सूर्य ‘आदित्य-एल१’ हे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून अखंड न्याहाळत आहे. त्यावरची अतिनील प्रकाशातली दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत तयार झाली. तिथे माणूस नाही आणि त्याची गरजही नाही. निव्वळ ज्ञान हवं असेल, तर दर रुपयामागे यंत्रं माणसापेक्षा कितीतरी जास्त देतात. विक्रम साराभाईंनी भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया घातला तेव्हाच बजावलं होतं, की चंद्र, ग्रह किंवा मानवी उड्डाण यांत श्रीमंत देशांशी चढाओढ करण्याचं स्वप्न आपण पाहत नाही. आपल्याला हवं आहे ते माणसाच्या आणि समाजाच्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्रज्ञान.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी. सोव्हिएत संघाच्या ‘लुना’ यानांनी तीन मोहिमांत मिळून चंद्रावरची तीनशे ग्रॅमच्या आसपास माती आणली. अपोलोच्या बारा माणसांनी ३८२ किलो आणली, तीही डोळ्यांनी पारखून, वेचून. अपोलो-१७ वर हॅरिसन श्मिट हे भूगर्भशास्त्रज्ञ होते, आणि चंद्रावरच्या राखाडी जमिनीत नारिंगी माती ओळखली ती त्यांच्या शिकलेल्या नजरेने. मंगळावरच्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ गाडीला पंचेचाळीस किलोमीटर चालायला चौदा वर्षं लागली. अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी गाडीतून तीन दिवसांत पस्तीसेक किलोमीटर पार केले. हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला तेव्हा १९९३ मध्ये माणसांनीच वर जाऊन तिची दृष्टी दुरुस्त केली. कुशल माणसाच्या हाताला पर्याय नाही, हे अशा जागी खरं ठरतं. पण पृथ्वीपासून चारशे किलोमीटरवर काही दिवस फिरून येणं आणि चंद्राच्या दरीत उतरून दगड पारखणं यांत फार अंतर आहे. पहिल्याच्या खर्चाचं समर्थन दुसऱ्याच्या कर्तृत्वावर करता येत नाही.

मग विज्ञानाच्या हिशेबात बसत नसताना गगनयानाची किंमत वसूल होते का? होते, असं माझं म्हणणं आहे. त्याचं कारण ऑक्टोबर २०२३ मधल्या एका आठवड्यात सापडतं.

त्या महिन्याच्या १६ तारखेला याच महामार्गावर चिपळूणच्या बहादूरशेख नाक्याजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. बरोबर पाच दिवसांनी, २१ तारखेला, श्रीहरिकोट्यात गगनयानाची पहिली उड्डाण-चाचणी होती. अग्निबाण वर जात असताना संकट आलं, तर अंतराळवीरांची कुपी खेचून दूर न्यायची आणि हवाई छत्र्यांनी समुद्रात उतरवायची, याची ती परीक्षा. कुपीत कुणीही नव्हतं. सकाळी आठचं उड्डाण हवामानामुळे पुढे ढकललं गेलं. मग उलटी गणती पाच सेकंदांवर आली आणि संगणकाने सगळं रोखलं. इंजिन पेटण्याचा क्रम त्याला ठीक वाटला नाही. देशभर थेट प्रक्षेपण चालू होतं, लाखो लोक बघत होते. तिथल्या अभियंत्यांनी लाजेखातर बटण दाबलं नाही. कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि दहा वाजता उड्डाण झालं. सुमारे बारा किलोमीटर उंचीवर सुटका यंत्रणेने कुपी अग्निबाणापासून अलग केली, ती छत्र्यांच्या आधाराने बंगालच्या उपसागरात उतरली आणि नौदलाने ती बाहेर काढली. पाण्यात ती उलटी तरंगत होती. हा दोषही नोंदला गेला आणि पुढच्या कामाच्या यादीत गेला.

एकाच आठवड्यातल्या, एकाच देशातल्या या दोन घटना. अभियंते त्याच देशातल्या महाविद्यालयांतून शिकलेले. पोलाद, काँक्रीट, इंधन यांचं शास्त्र दोन्हीकडे सारखंच. फरक कामाच्या रीतीत आहे. एका ठिकाणी अपघात होईल असं गृहीत धरून, त्यात माणूस वाचावा म्हणून आधीच यंत्रणा उभी केली जाते. दुसऱ्या ठिकाणी अपघात होतो, क्रेन येते, गाडी बाजूला होते, वाहतूक सुरू होते आणि तोच उतार, तोच खड्डा, तोच दिशाफलक नसलेला वळसा पुढच्या गाडीची वाट पाहत राहतो. गगनयान रखडलं ते मुख्यतः माणूस सुखरूप परत येईल याची खात्री होईपर्यंत चाचण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात म्हणून. महामार्ग रखडला आणि रखडलेल्या प्रत्येक वर्षात त्याने माणसं मारली. या दोन विलंबांना एकाच तागडीत घालणं चूक आहे.

मानवी अवकाशयान देशाला काय देतं, तर एका जीवाची किंमत मोजण्याची शिस्त. उपग्रह नेणारा अग्निबाण फसला तर पैसा बुडतो. माणूस बसला की तोच अग्निबाण पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो. प्रत्येक झडपेला, प्रत्येक तारेला, प्रत्येक जोडाला ‘हे निकामी झालं तर काय?’ हा प्रश्न विचारावा लागतो. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या किंवा पवईच्या कारखान्यात अग्निबाणाच्या घन इंधनाच्या टप्प्याचं कवच बनतं, तेव्हा वेल्डिंगच्या प्रत्येक शिवणीची नोंद ठेवावी लागते. ही सवय सक्तीनेच लागते, आणि अशी सक्ती करणारी कामं आपल्याकडे फार थोडी आहेत.

यंत्रं आणि उपग्रह पाठवून ही शिस्त आपोआप येत नाही, याचा पुरावा आपल्याच समुद्रात आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळाने रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमारांना समुद्रात गाठलं आणि कित्येक खलाशी परतलेच नाहीत. त्यानंतरच्या बारा वर्षांत उपग्रहांची नजर तीक्ष्ण झाली. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ येण्याच्या कितीतरी आधी सूचना मिळाली आणि आपल्या बहुतेक मच्छीमार नौका बंदरात परतल्या. त्याच वादळात मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा दोनशेहून अधिक माणसांना घेऊन उभाच राहिला, १७ मे रोजी बुडाला आणि सत्तरहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. उपग्रहाने वादळ दाखवलं होतं, हवामान खात्याने इशारा दिला होता. इशारा ऐकून वेळीच काम थांबवणारी रीत तिथे नव्हती. तांत्रिक ज्ञान आपण मिळवलं आहे, पण त्या ज्ञानापुढे वेळापत्रक आणि नफा यांना मान तुकवायला लावणारी व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. श्रीहरिकोट्याची शिस्त हातखंब्यापर्यंत आपोआप झिरपत नाही. अमेरिकेने चंद्रावर माणूस उतरवला, तरी तिथल्या रस्त्यांवर माणसं मरायची थांबली नाहीत. खुद्द नासातही ही शिस्त टिकली नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे शटल यान उड्डाणानंतर त्र्याहत्तराव्या सेकंदाला नष्ट झालं. थंडीत रबरी कडी ताठरते, उड्डाण करू नका, असं बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितलं होतं. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे दुसरं शटल कोसळलं आणि कर्नालची कल्पना चावला सहा सहकाऱ्यांसह गेली. तेव्हाही यानाच्या पंखाची छायाचित्रं घ्या, अशी अभियंत्यांनी केलेली मागणी मानली गेली नव्हती. शटलच्या १३५ उड्डाणांत चौदा माणसं गेली.

आक्षेप खरा आहे. पण त्या दोन्ही दुर्घटनांनंतर काय झालं तेही पाहा. स्वतंत्र चौकशी झाली, अहवाल जसाच्या तसा लोकांपुढे ठेवला गेला, दोषी पद्धतीवर नावानिशी बोट ठेवलं गेलं आणि चॅलेंजरनंतर अडीच वर्षांहून अधिक काळ शटल जमिनीवर उभं राहिलं. मानवी उड्डाणाची सगळ्यात मोठी देणगी मला या चौकशीच्या पद्धतीत दिसते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांपैकी किती अपघातांची अशी चौकशी झाली आणि तिचा अहवाल आपल्याला वाचायला मिळाला? शिस्त झिरपत नसेल तर ती मागून घ्यावी लागेल. देशात एक आदर्श उभा असेल, तरच मागणाऱ्याच्या हाती बोट दाखवायला काही असतं.

त्यासाठी खुल्या चौकशीचा हा नियम आधी इस्रोलाही लागू व्हायला हवा. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ ची मोहीम फसली. चौकशी समिती नेमली गेली, पण तिचा तपशीलवार अहवाल जनतेपुढे मांडला गेला नाही. याच संस्थेच्या अग्निबाणावर उद्या माणूस बसणार आहे. झाकलेल्या अपयशातून विश्वास निर्माण होत नाही. गगनयानाच्या प्रत्येक चाचणीचा, विशेषतः फसलेल्या चाचणीचा, अहवाल खुला असला पाहिजे. तो खुला नसेल, तर या कार्यक्रमाची माझ्या मते असलेली एकमेव मोठी मिळकतच हातची जाते आणि उरतो फक्त खर्च.

आणखी एक समर्थन नेहमी ऐकू येतं ते प्रेरणेचं. अंतराळवीर पाहून मुलं विज्ञानाकडे वळतील, असं म्हणतात. रत्नागिरी जिल्हा परिषदेने आपल्या शाळांतल्या निवडक मुलांना इस्रो आणि नासा दाखवण्याचा उपक्रम राबवला. वाडीवस्तीवरच्या शाळेतलं मूल अग्निबाणाच्या तळावर उभं राहतं, ही गोष्ट मला मनापासून मोलाची वाटते. मात्र याच जिल्ह्यात २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांमुळे शिक्षकांच्या शेकडो जागा रिकाम्या झाल्या आणि कित्येक शाळा एका शिक्षकावर आल्या. परत आलेल्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला वर्गात शिक्षक हवा, प्रयोगाला चार उपकरणं हवीत. त्याशिवाय प्रेरणा वर्षभरही टिकत नाही. प्रेरणेच्या नावाने हजारो कोटींचं समर्थन करणाऱ्याने आधी त्या शिक्षकाची जागा भरावी.

तेव्हा माझा निवाडा असा. गगनयान पूर्ण करावं. त्याचा बराच खर्च झालेला आहे आणि माणूस सुखरूप नेऊन आणण्याची कला हाती येणं देशाच्या कामाच्या रीतीसाठी मोलाचं आहे. त्यासाठी आणखी दोन वर्षं लागली तरी लागोत. तारीख गाठण्यासाठी एकही चाचणी गाळू नये. पण २०३५ पर्यंतचं संपूर्ण अंतरिक्ष स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, या पुढच्या घोषणांना आत्ताच होकार देऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह झडप न उघडल्यामुळे ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही. ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन यंत्रणेतले पूर्ण क्षमतेने काम करणारे उपग्रह आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलाला खोल समुद्रात वाट दाखवणारी आणि वादळाची खबर देणारी यंत्रणा अपुरी असताना माणसाच्या मुक्कामासाठी कक्षेत घर बांधणं, हा अग्रक्रम चुकीचा आहे. आधी ते उपग्रह पुरे करा, सूर्य-चंद्र-शुक्राच्या मानवरहित मोहिमा चालू ठेवा, आणि स्थानकावर माणूस नेमकं काय करणार याचं उत्तर वैज्ञानिकांच्या खुल्या चर्चेतून मिळवा. ते पटलं तर पैसे द्या.

आणि तिठ्यावर उभ्या असलेल्या माझ्या कोकणी बांधवांना एक विनंती. ‘रस्ता नाही आणि चालले आकाशात’ हे म्हणणं सोडा, कारण त्याने रस्ता करणाऱ्यांना पळवाट मिळते. त्याऐवजी असं म्हणा, की आकाशात जाणाऱ्या मोजक्या माणसांच्या जीवासाठी तुम्ही जी चाचणी घेता, जी चौकशी करता आणि जो जाब विचारता, तेच इथून रोज जाणाऱ्या हजारोंसाठी करा. हातखंब्यात पुढचा अपघात होईल तेव्हा नुकसानभरपाईच्या घोषणेवर समाधान मानू नका. अपघात का झाला, रस्त्यात काय चुकलं, ते कोण आणि कधी दुरुस्त करणार, हे सांगणारा लेखी अहवाल ग्रामसभेत मागा, आमदाराकडे मागा, खासदाराकडे मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.